उन्हात उभ्या गाडीतला टॉर्च ऐनवेळी लागत नाही: तपासणी, दुरुस्ती आणि सेलची निवड

लक्षणं

खालचं एखादं जरी लक्षण ओळखीचं वाटलं तरी हा लेख तुमच्यासाठी आहे.

बटण दाबलं की काहीच होत नाही. किंवा टॉर्च लागतो, पण उजेड पिवळट आणि दमलेला असतो, आणि दोन-चार मिनिटांत विझतो. हातावर आपटला की लागतो, खाली ठेवला की जातो. मागचं झाकण फिरतच नाही. फिरलं तर आत स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट पूड जमलेली असते आणि बोटाला काहीतरी बुळबुळीत लागतं. चार्जिंगचा टॉर्च असेल तर चार्जर लावल्या लावल्या हिरवा दिवा येतो, म्हणजे फुल दाखवतो, आणि चार्जर काढला की पाच मिनिटांत अंधार. कधी टॉर्चचं प्लॅस्टिकचं अंग मधेच फुगून शिवण उकललेली दिसते.

या सगळ्यांबरोबर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "भाऊ, सहा महिन्यांपूर्वीच तर नवे सेल टाकले होते."

मी अकोल्यात २० वर्षांहून जास्त काळ ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. लोक सेल्फ, अल्टरनेटर, हॉर्न यासाठी गाडी आणतात, आणि बॉनेट उघडं असताना डॅशबोर्डच्या खणातून टॉर्च काढून हातात देतात, "हाही बघा जरा." मार्च ते जून हे टॉर्च जास्त येतात आणि दर वेळी बिघाड बहुधा तोच असतो. एका गिऱ्हाईकाची गाडी परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाताना रात्री जंगलात पंक्चर झाली. मोबाईलला रेंज नाही, बरोबर म्हातारी आई, आणि खणातल्या टॉर्चच्या दोन्ही सेलना पाणी सुटलेलं. मोबाईलच्या उजेडात, तो दातात धरून, त्यांनी स्टेपनी बदलली. चाकाचे नट नीट आवळले गेले होते की नाही हेही त्यांना दिसत नव्हतं. ते ऐकल्यापासून गाडी कशासाठीही आली असो, टॉर्च मी स्वतःहून मागून बघतो.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो. आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरी म्हणतात आणि गाडीतलीही बॅटरीच. इथे हातातला तो टॉर्च, त्यात घालतो ते सेल, आणि बॉनेटखालची ती गाडीची बॅटरी.

आता तपासणी. क्रम मोडू नका. पहिल्या चार पायऱ्यांना जवळजवळ पैसा लागत नाही आणि माझ्याकडे येणारे बहुतेक टॉर्च तिथेच सुटतात.

१. झाकण उघडा, बघा, वास घ्या

टॉर्च हातात आला की बटण पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. आधी मागचं झाकण उघडून सेल बाहेर काढा. सेल फुगलेत का, खालच्या कडेला ओल आहे का, पूड आहे का, आंबूस किंवा उग्र वास येतो का ते बघा. पाणी सुटलेलं दिसलं तर हातमोजे घाला किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवा. अल्कलाइन सेलमधून निघतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र अल्कली. बोटाला बुळबुळीत लागतं ते त्यामुळेच. ते कातडी जाळतं आणि डोळ्यात गेलं तर डोळा जायची भीती असते. पांढरी पूड म्हणजे हेच द्रव हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून झालेलं पोटॅशियम कार्बोनेट.

ही तपासणी सगळ्यात आधी का, तर पाणी सुटलेल्या सेलवर नवे सेल घातले तर नवेही खराब होतात, आणि स्प्रिंग दर दिवसाने थोडी थोडी खाल्ली जाते. आज पाच मिनिटांत पुसून निघणारी घाण दोन महिन्यांनी टॉर्च भंगारात घालते.

२. सेलवरची अक्षरं वाचा

हे कोणीच करत नाही. प्रत्येक सेलवर बारीक अक्षरात एक खूण असते. पेन्सिल सेलच्या आकारात "आर६" असेल तर तो साधा झिंक-कार्बन सेल. "एलआर६" असेल तर अल्कलाइन. "एफआर६" म्हणजे लिथियम, दीड व्होल्टचा, चार्ज न होणारा. "एचआर६" म्हणजे चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड, १.२ व्होल्टचा. त्याहून बारीक, रिमोटमध्ये जातात त्या सेलवर ६ च्या जागी ०३ असतं, आणि जुन्या मोठ्या टॉर्चच्या जाड सेलवर २०.

दोन सेलवर दोन वेगळ्या खुणा असतील, किंवा एक जुना आणि एक नवा असेल, तर बिघाड सापडला. सेल एकामागे एक लावलेले असतात. दोघांतला कमजोर आधी रिकामा होतो, पण दुसरा त्यातून करंट ढकलतच राहतो. रिकामा सेल उलट्या दिशेने चार्ज होतो, आत वायू तयार होतो, आणि पाणी सुटतं. घरात उरलेला एक सेल वाया कशाला घालवायचा म्हणून लोक असं करतात. मी त्यांना सांगतो, तो उरलेला घड्याळाला लावा. टॉर्चचे सेल बदलायचे तर सगळे एकदम, एकाच पाकिटातले.

तारीखही बघा. सेलवर छापलेली मुदत घरातल्या नेहमीच्या तापमानाला साठवण्याची असते. उन्हातल्या गाडीला ती लागू नाही.

सेलची दिशाही याच वेळी तपासा. स्प्रिंगकडे सपाट टोक, हा नियम बहुतेक ठिकाणी चालतो. तीन बारीक सेलच्या प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात मात्र प्रत्येक घराची दिशा वेगळी असते, आणि घाईत एक तरी उलटा बसतोच.

३. खात्रीचे सेल घालून बघा

नवीन, पाकीटबंद सेल घाला. घड्याळातले काढून घालू नका. भिंतीवरचं घड्याळ इतका कमी करंट घेतं की टॉर्चला निरुपयोगी झालेला सेलही ते कित्येक महिने चालवतं. घड्याळ चालू होतं म्हणून सेल चांगला, हा अंदाज मी शेकडो वेळा चुकलेला बघितला आहे. रिमोटचंही तेच.

नव्या सेलवर टॉर्च स्वच्छ लागला तर टॉर्च ठीक, सेल मेले होते. तरीही पुढचा भाग वाचा, नाहीतर पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच.

४. टोकं साफ करा

टॉर्च आपटल्यावर लागत असेल तर दहापैकी आठ-नऊ वेळा मला टोकंच काळी पडलेली सापडतात. अल्कलाइन सेलची पांढरी पूड असेल तर कापूस गुंडाळलेली काडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून स्प्रिंग आणि समोरचं धातूचं टोक पुसा. थोडं फसफसेल. अल्कलीला आम्ल मारतं, म्हणून हे चालतं. साधा झिंक-कार्बन सेल फुटला असेल तर आतला द्रव आम्लाकडे झुकणारा असतो, तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून लावा. लोक दोन्हीला लिंबूच चोळतात आणि मग साफ होत नाही म्हणतात. म्हणून मघाशी अक्षरं वाचायला सांगितली.

नंतर ओल्या फडक्याने पुसा, सावलीत पूर्ण वाळू द्या, आणि डाग राहिला असेल तिथे शाळेच्या खोडरबरने घासा. सॅंडपेपर अगदी शेवटी आणि अगदी हलका, कारण वरचं निकेलचं पाणी एकदा निघालं की खालचा धातू लवकर गंजतो. झाकणाचे आटे आणि ॲल्युमिनियमच्या नळीची उघडी कडाही पुसा. धातूच्या टॉर्चमध्ये करंट परत येतो तो त्याच कडेतून. रबरी रिंग कोरडी पडून तडकली असेल तर बदला आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लावा.

५. मीटर लावा, पण नीट

डिजिटल मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. नवा अल्कलाइन सेल १.६ च्या आसपास दाखवतो. १.३ च्या खाली गेलेला सेल मी आपत्कालीन टॉर्चमध्ये ठेवत नाही. मात्र नुसतं व्होल्टेज फसवतं. उन्हाने खराब झालेला सेल मोकळा असताना दीड व्होल्ट दाखवतो आणि काम दिलं की बसतो, कारण त्याचा आतला रोध वाढलेला असतो. म्हणून १० ओहमचा एक रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना धरा आणि त्याच वेळी मीटर बघा. पाच-सहा सेकंद पुरे. सेलमधून साधारण दीडशे मिलिॲम्पियर जातील. आकडा १.२ च्या खाली घसरत गेला तर तो सेल काढा.

दोन अपवाद. चार्ज होणारा एचआर६ मुळातच १.२ ते १.३ दाखवतो, तो मेला नाही. आणि लिथियम एफआर६ शेवटपर्यंत व्होल्टेज जवळजवळ तेवढंच धरून ठेवतो, त्यामुळे मीटरवरून त्याच्यात किती जीव उरला ते कळत नाही.

मीटर ॲम्पियरवर ठेवून सेलच्या टोकांना कधीच लावू नका. तो थेट शॉर्ट असतो. चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवर असं केलं तर मीटर जळेल आणि हातही भाजेल.

सेल टेबलावर उभा सोडून तो उडतो का बघायची एक युक्ती आहे. ती फक्त अल्कलाइनला लागू आहे. वापराने आतल्या जस्ताचं ऑक्साइड होऊन मसाला घट्ट होतो, म्हणून सेल उसळतो. पण अर्धा वापरलेला सेलही चांगला उसळतो. त्यामुळे उडाला तर तो नवा नाही एवढंच कळतं.

६. झाकणाला वगळून बघा

हे फक्त धातूच्या नळीच्या टॉर्चसाठी. चांगले सेल घाला, मागचं झाकण काढून ठेवा. जाड तांब्याच्या तारेचं एक टोक सेलच्या मागच्या सपाट भागाला आणि दुसरं नळीच्या उघड्या कडेला टेकवा. दिवा लागला तर पुढचा सगळा भाग ठीक आहे आणि दोष झाकणातल्या बटणाचा आहे. झाकणाच्या आत दोन छोटी भोकं असलेली एक चकती असते. ती सैल झाली की नेमका हा दोष येतो. उन्हात तापणं, रात्री थंड होणं, वर रस्त्याचे हादरे, यांनी ती हळूहळू फिरते. बारीक नाकाचा पक्कड भोकांत घालून घट्ट करा. झालं.

दिवा तरीही लागला नाही तर दोष पुढच्या सर्किटचा. शे-दोनशेच्या टॉर्चमध्ये तिथे वेळ घालवू नका, नवा घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट. ज्या टॉर्चचं बटण टक्-टक् न वाजता मऊ दाबलं जातं, त्यातलं सर्किट बंद असतानाही थेंब थेंब करंट घेत राहतं. महिनोन् महिने गाडीत पडून राहणाऱ्या टॉर्चला हे परवडत नाही. झाकण पाव आटा सैल करून बटण दाबा. टॉर्च लागत नसेल तर जोडणी तुटली आहे, तसाच सैल ठेवा. लागत असेल तर सेल बाहेर काढून ठेवा.

तोच बिघाड पुन्हा का येतो

आता मुळाशी. सहा महिन्यांत सेल मरण्याचं कारण टॉर्चच्या आत सापडत नाही. ते गाडी उभी राहते त्या जागेत असतं.

बातम्यांत अकोल्याचं तापमान ४५ सांगतात ते सावलीतल्या हवेचं असतं. गाडीची काच ऊन आत घेते, पण तापलेल्या सीटची आणि डॅशबोर्डची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात, म्हणजे आपल्यासारख्याच कोरड्या तापत्या मुलखात, तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी उन्हाळ्यात गाड्या उभ्या करून मोजलं आणि २०१८ साली प्रसिद्ध केलं. बाहेर ३८ अंशांच्या वर असताना उन्हातल्या गाडीत एका तासात हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, सीट ५१ वर आणि डॅशबोर्ड ६९ वर. सावलीतल्या गाडीत डॅशबोर्ड ४८ वर होता. म्हणजे सावलीने डॅशबोर्डवर २० अंशांहून जास्त फरक पडला. काच बोटभर खाली ठेवण्याने मात्र फारसा उपयोग होत नाही, हे त्याआधीच्या मोजमापांत दिसलं आहे.

आता सेलच्या मर्यादा बघा. अल्कलाइन सेल वापरायची वरची मर्यादा साधारण ५४-५५ अंश, आणि साठवायला तर तो घरातल्या तापमानालाच बरा. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. २५ अंशांवर जे हळूहळू होतं ते ५५ वर आठपट वेगाने होतं. आतलं जस्त गंजतं, हायड्रोजन वायू सुटतो, दाब वाढतो, आणि शेवटी दाब सोडायची जागा फुटून द्रव बाहेर येतो. गिऱ्हाईक म्हणतं सेल खोटे निघाले. बहुतेक वेळा सेल खरे असतात, त्यांना आपणच भट्टीत ठेवलेलं असतं.

साधे झिंक-कार्बन सेल याहून वाईट. त्यांचं जस्ताचं भांडंच इंधन असतं, ते वापराने पातळ होत जातं आणि भोक पडतं. गाडीत ते ठेवूच नका. घरच्या घड्याळाला ठीक.

चार्जिंगचे लिथियम-आयन टॉर्च दिसायला आकर्षक, उजेड भरपूर. पण या सेलला दोन गोष्टी एकत्र अजिबात सोसत नाहीत: पूर्ण चार्ज आणि उष्णता. हे सेल साठवायचे तर अर्ध्या चार्जवर आणि थंड जागी. आपत्कालीन टॉर्च मात्र आपल्याला पूर्ण भरलेला हवा असतो आणि गाडी तापलेली असते. हा पेच सुटत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की चार्जिंगचा टॉर्च आणि पॉवर बँक गाडीत मुक्कामाला ठेवू नये, खिशातून किंवा पिशवीतून न्यावी आणि उतरताना परत आणावी. तापलेल्या गाडीत ते चार्जिंगलाही लावू नका. या सेलना चार्ज करायची मर्यादा साधारण ४५ अंशांपर्यंतच असते. हाताने फिरवायचा डायनॅमो टॉर्चही अनेकांना सुरक्षित वाटतो, पण त्याच्याही पोटात छोटा चार्ज होणारा सेल असतो आणि उन्हात तोही तसाच मरतो.

मग काय घ्यायचं

आधी सेल ठरवा, मग टॉर्च. लोक उलट करतात.

गाडीत ठेवायला मी एकच सेल सुचवतो: लिथियमचा दीड व्होल्टचा, एफआर६. तो उणे ४० ते ६० अंशांपर्यंत काम करतो, घरच्या तापमानाला २० वर्षांपर्यंत टिकतो असं बनवणारे सांगतात, आणि त्यातून पाणी सुटण्याची शक्यता फार कमी, कारण आत पाणीच नसतं. वजन १५ ग्रॅमच्या आसपास, अल्कलाइन २३ च्या. हातात धरला की हलका लागतो, खोटा माल ओळखायला याचाही उपयोग होतो. साध्या सेलच्या कित्येक पट महाग आहे, हे खरं. पण दर उन्हाळ्यात फेकलेले सेल आणि त्यांनी खाल्लेले टॉर्च यांचा हिशेब केला तर तो महाग राहत नाही. त्याला चार्ज करायचा प्रयत्न मात्र कधीच करू नका.

अकोल्याच्या बाजारात तो सहज मिळत नाही, मागवावा लागतो. मिळाला नाही तर अल्कलाइन चालेल, पण सेल टॉर्चमध्ये न घालता पाकिटातच टॉर्चशेजारी ठेवा आणि दर वर्षी होळीला बदला. काढलेले घरी वापरा. फुटले तरी पाकिटात फुटतील, टॉर्च वाचेल. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक सेल उलटा घालून ठेवायची जुनी पद्धत आहे. दोघांचं व्होल्टेज एकमेकांना मारतं, त्यामुळे चुकून बटण दाबलं गेलं तरी सेल उतरत नाहीत. पण गळतीपासून ती वाचवत नाही, आणि तीन सेलच्या टॉर्चमध्ये ती करूच नका.

तीन व्होल्टचा जाड बुटका लिथियम सेल, सीआर१२३ए, हाही उष्णतेला चांगला. पण रात्री धाब्याशेजारच्या दुकानात तो मिळणार नाही. पेन्सिल सेल खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतो. आपत्कालीन वस्तू निवडताना हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि पेन्सिल सेलच्याच मापाचा पण ३.७ व्होल्टचा, १४५०० नावाचा चार्जिंगचा सेल मिळतो. तो दीड व्होल्टच्या टॉर्चमध्ये बसतो, पण टॉर्च जाळतो. माप जुळलं म्हणून घालू नका.

टॉर्च कसा असावा? एक किंवा दोन पेन्सिल सेलचा, धातूचा, टक्-टक् वाजणाऱ्या बटणाचा, आणि कमी उजेडाची पायरी असलेला. ही कमी उजेडाची पायरी लोकांना फालतू वाटते. पण मदत यायला तीन तास लागले तर तीच कामी येते. तीन बारीक सेलच्या पिंजऱ्याचे टॉर्च मी टाळतो. बारीक सेलमध्ये साठा निम्म्याहून कमी, आणि पिंजऱ्याचं प्लॅस्टिक तापून वाकलं की पत्र्या सुटतात. लांब झोत आणि झूमच्या मागे लागू नका, चाकाचा नट हातभर अंतरावर असतो. जमलं तर डोक्याला बांधायचा टॉर्च घ्या. जॅक लावताना दोन्ही हात मोकळे राहतात, सेमाडोहच्या त्या गृहस्थांसारखा मोबाईल दातात धरावा लागत नाही.

कुठे ठेवायचा

डॅशबोर्डवर नाही, मागच्या काचेखालच्या फळीवर नाही. तिथलं तापमान लिथियमच्या ६० अंशांच्या मर्यादेलाही ओलांडतं. डॅशबोर्डचा खणही फारसा बरा नाही.

सगळ्यात बरी जागा म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, जमिनीलगत, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून. टॉवेल ऊन थांबवत नाही, पण दुपारचा कडाका आतपर्यंत पोचायला वेळ लावतो. थैली सीटच्या पट्टीला बांधाच. ड्रायव्हरच्या सीटखाली सुटा ठेवलेला टॉर्च घरंगळत ब्रेकच्या पायाखाली जातो, आणि तो प्रकार अंधारापेक्षा धोक्याचा आहे. डिक्की थंड असते, पण बऱ्याच गाड्यांची डिक्की आता विजेच्या बटणावर उघडते. गाडीची बॅटरी मेली की टॉर्च आत आणि आपण बाहेर. स्कूटरच्या सीटखालच्या जागेला तर इंजिनाचीही धग लागते, तिथे एफआर६ लिथियमशिवाय दुसरा सेल ठेवू नका. ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या पेटीचंही तेच. रात्रपाळीची लाईट आली की पंप सुरू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याचा टॉर्च घरात खुंटीला असावा. पायाखालचा साप दिसणं त्याच्यावर अवलंबून असतं.

दुसरा आधार म्हणून लायटरच्या सॉकेटमध्ये लागणारा १२ व्होल्टचा छोटा एलईडी दिवा ठेवा. सेल्फला शंभराहून जास्त ॲम्पियर लागतात, ५ वॉटच्या दिव्याला अर्ध्याहूनही कमी. त्यामुळे सेल्फ न घेणाऱ्या बॅटरीतही दिव्यापुरता जीव बहुतेक वेळा असतो. तुमच्या गाडीचं सॉकेट किल्ली न फिरवता चालतं का ते आजच बघून ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३, कुठेही जिवावर बेतलं तर ११२, हे दोन नंबर कागदावर लिहून टॉर्चच्या थैलीत टाका. रिफ्लेक्टरचा त्रिकोणही त्याच जागी राहू द्या.

इथे थांबा

काही ठिकाणी हाताने करायचं नाही.

ॲल्युमिनियमच्या नळीत सेल फुगून अडकले असतील तर हातोडी, ड्रिल, गॅसची शेगडी यांतलं काहीही वापरू नका. अल्कली ॲल्युमिनियमला खाते आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. बंद नळीत तो दाबाने भरलेला असू शकतो. हलक्या हाताने झाकण फिरत नसेल तर टॉर्च सोडून द्या. महागडा असेल तर बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवा.

मागे दोन पिना असलेला, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा चार्जिंगचा टॉर्च चार्जिंगला लागलेला असताना कधीच उघडू नका. त्यातल्या बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, आतल्या सर्किटवर २३० व्होल्ट जिवंत असतात. पिन काढल्यावरही कंडेन्सर झटका देऊ शकतो. हे काम इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकार कारागिराचं.

गाडीची बॅटरी दर आठ दिवसांनी उतरत असेल तर टॉर्च बदलून उपयोग नाही. कुठेतरी करंट गळतो आहे. तो शोधायला ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला स्वतः मीटर लावू नका.

द्रव डोळ्यात गेला तर तिथेच वाहत्या स्वच्छ पाण्याखाली डोळा किमान १५ ते २० मिनिटं धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. डोळ्यात किंवा कातडीवर लिंबू-व्हिनेगर लावायचं नाही, ते फक्त स्प्रिंगसाठी.

लिथियम-आयन सेल फुगला असेल, गोडसर रसायनाचा वास येत असेल किंवा हाताला गरम लागत असेल, तर तो टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. गाडीबाहेर, मोकळ्या जागेत, वाळूच्या डब्यात ठेवा. धूर यायला लागला तर लांब व्हा आणि १०१ ला फोन करा. शांत असेल तर टोकांना चिकटपट्टी लावून जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात किंवा विकणाऱ्या दुकानात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका, गाडीतला कचरा दाबला जातो आणि तिथेच आग लागते.